अंगठा सैल सोडा

माझ्या तळहातांना घट्टे आहेत. विळ्याचे, फावड्याचे, नांगराच्या रुमण्याचे. पहिल्या दिवशी मास्तरांनी माझा डावा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि हसत म्हणाले, "आबा, घट्टे भरपूर आहेत, पण सगळे चुकीच्या जागी." गिटार वाजवणाऱ्याला घट्टे लागतात ते बोटांच्या टोकांना, अगदी नखाजवळ. तिथं माझी कातडी त्यामानाने मऊ निघाली. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला कुणी मऊ हाताचा म्हणावं, हे मला जरा लागलंच.

मास्तर म्हणजे चोवीस वर्षांचा मुलगा. दिवसा अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि संध्याकाळी सातनंतर घरी गिटार शिकवतो. राहतो बदलापूर पश्चिमेला, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने. ती इमारत जिथं उभी आहे तिथं आमचं भाताचं खाचर होतं. गेटवरच्या वहीत मला दर वेळी नाव, वेळ आणि 'कोणाकडे' हे लिहावं लागतं. लिहितो. जमीन विकली ती मीच, पैसे मोजून घेतले तेही मीच. तक्रार कुणाकडे करणार? जिना चढताना मात्र मनात येतंच, की इथं बांध होता, इथं बांधावर शेवग्याचं झाड होतं.

मी त्याला मास्तर म्हणतो आणि अहोजाहो करतो. त्याला अवघड होतं. "आबा, मी तुमच्या नातवाएवढा," म्हणतो. मी म्हटलं, शाळेत आम्हाला बावीस वर्षांचे गुरुजी होते, त्यांना माझे वडीलसुद्धा हात जोडायचे.

गिटार माझी नाही, नातवाची. दहावीला चांगले मार्क पडले तर गिटार, असा त्याच्या बापाने शब्द दिला होता. मार्क पडले, गिटार आली, बरोबर एक छोटा अ‍ॅम्प आला. महिना-दीड महिना पोराने घर डोक्यावर घेतलं. मग बोटं दुखायला लागली, मग क्लास लागले, मग तो शिकायला पुण्याला गेला. गिटार कपाटावर जाऊन पडली, बियाण्याच्या पिशवीशेजारी. दोन वर्षं मी येताजाता तिच्याकडे बघत होतो. घरात काही बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर १९७७ सालापासून सांगावं लागलं असतं.

मी १९७६ ला दहावी झालो. पुढं शिकायची ऐपत नव्हती. भात निघालं की आम्ही त्याच शेतात ओलीवर वाल लावायचो, विहिरीच्या अंगाला काकडी, दुधी. टोपली घेऊन पहाटेची गाडी पकडायची आणि उल्हासनगरला उतरायचं. उल्हासनगर म्हणजे आम्हाला कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बराकी बांधल्या होत्या. फाळणी झाल्यावर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या बराकींत राहिली, आणि १९४९ साली त्या जागेला उल्हासनगर हे नाव मिळालं. पण माझी आई शेवटपर्यंत 'कॅम्पातच' जायची. कॅम्पात मिळत नाही अशी वस्तू नाही, असं तेव्हाही म्हणायचे.

तिथं एका दुकानात पेट्या, ढोलक्या मांडलेल्या असायच्या आणि वर खिळ्याला एक लाल इलेक्ट्रिक गिटार टांगलेली असायची. तिचा आवाज मला रेडिओमुळे माहीत होता. व्हॅन शिप्ले नावाचे कलाकार सिनेमातली गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायचे, त्या रेकॉर्डी लागायच्या. शिवाय १९७१ चं 'दम मारो दम' होतंच. ती सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलीय हे मला फार उशिरा कळलं, पण तो आवाज डोक्यात बसला तो बसलाच. टोपली रिकामी झाली की मी त्या दुकानापुढं उभा राहायचो. एकदा न राहवून हात वर केला तर आतून आवाज आला, "ए, हाथ मत लगाना." किंमत साडेतीनशे रुपये.

मी तेव्हा गावातल्या पार्टीत बेंजो वाजवायचो. आमच्याकडे लग्नात, हळदीला जो बेंजो वाजतो त्याचं खरं नाव बुलबुल तरंग. मूळ जपानचा. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली तायशोगोतो नावाचं वाद्य काढलं, त्याच्यावरून हे आलं. टाइपरायटरसारखी बटणं डाव्या हाताने दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. पुढं आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवून कर्ण्याला जोडलं आणि अख्खी वरात नाचवली. लग्नाला मला पाच रुपये मिळायचे, भाजीतले आई गुपचूप दोन-चार द्यायची. असे करून दोनशे ऐंशी रुपये पत्र्याच्या ट्रंकेत जमले होते.

मिरगात बैल मेला. साप चावला. राब केलेला, रोपं वाढत आलेली, चिखलणी तोंडावर, आणि गोठ्यात एकच बैल. मी कुठल्याशा लग्नाला वाजवायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर अंगणात नवा बैल बांधलेला, कपाळावर पांढरा ठिपका. वडील म्हणाले, "तुजं पैसं घेतलं." एवढंच. विचारलं नाही, की नंतर देतो म्हणाले नाहीत. त्याच बैलाच्या मागं मी त्या वर्षी गुडघाभर चिखलात चाललो. घरची सगळी त्याला मोऱ्या म्हणायची. मी अकरा वर्षांत त्याला एकदाही नावाने हाक मारली नाही. वडिलांशीही कामापुरतंच बोलायचो. पुढं लग्न झालं, पोरं झाली, राग आपोआप मऊ पडला. पण गेला असं म्हणता येणार नाही. वडील १९९६ साली गेले. तो विषय आमच्यात निघाला नाही.

तर हे सगळं सांगण्यापेक्षा मी एका संध्याकाळी गिटार खाकेत मारून सरळ तिसऱ्या मजल्यावर गेलो.

मला वाटत होतं, बेंजो येतो म्हणजे अर्धी गिटार येते. ते पहिल्या पंधरा मिनिटांत उतरलं. बेंजोवर बटण दाबलं की सूर ठरलेला; तारेवर दाब नीट पडला की नाही हे बटण बघतं. गिटारवर ते बटण म्हणजे तुमचं बोट. दांडीवर धातूच्या बारीक पट्ट्या असतात, सतारीच्या पडद्यांसारख्या, त्यांना फ्रेट म्हणतात. मी दोन फ्रेटच्या बरोबर मध्ये बोट ठेवत होतो आणि तार खरखरत होती. खरखरली की आणखी जोराने दाबत होतो. मास्तरांनी बोट सरकवून फ्रेटच्या अगदी मागं नेलं. खरखर थांबली.

"आता हळूहळू जोर कमी करा," म्हणाले. केला. अजून सूर नीट होता. "अजून." मी घाबरत बोट आणखी हलकं केलं, तेव्हा कुठं तार परत खरखरली. "बस. याच्या केसभर वर, एवढाच जोर लागतो. तुम्ही याच्या चौपट लावताय. अंगठा बघा." अंगठा दांडीच्या मागून असा रुतला होता, की नख पांढरं पडलेलं. "अंगठा सैल सोडा, आबा."

हे वाक्य त्यांनी पुढच्या तीन महिन्यांत मला किती वेळा सांगितलं असेल, गणती नाही. एक युक्तीही दिली. अंगठा दांडीपासून पूर्ण उचलायचा आणि नुसत्या बोटांनी, हाताच्या वजनावर तार दाबून बघायची. सूर येतो. म्हणजे अंगठ्याचं काम चिमटा काढायचं नाही, नुसतं टेकायचं आहे.

धडा साधाच होता. पाचव्या फ्रेटवर पहिलं बोट, सहाव्यावर दुसरं, सातव्यावर मधल्याच्या शेजारचं, आठव्यावर करंगळी. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत यायचं आणि तसंच परत जायचं. उजव्या हातातली पिक, म्हणजे ती प्लास्टिकची नखी, एकदा खाली, एकदा वर. बेंजोवर नखी जोरात मारायची सवय, त्यामुळे माझा अख्खा दंड हलायचा. मास्तरांनी नखीचं फक्त टोक बाहेर राहील अशी धरायला लावली आणि मनगटातून हलवायला शिकवलं. मोबाइलमध्ये टिक-टिक लावली, मिनिटाला साठ. एका टिकेला एक सूर. साठ म्हणजे घड्याळाच्या सेकंदाची चाल, त्यात काय अवघड, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. करंगळी एक टीक उशिरा यायची आणि ती गाठायला पुढचं बोट एक टीक आधी पळायचं. मास्तरांनी साठावरून पन्नासावर आणलं, मग चाळीसावर. मी म्हटलं, "एवढं हळू तर गोगलगाय वाजवेल." ते म्हणाले, "चाळीसाला चूक न करता चार वेळा वाजलं, की पंचेचाळीस. नाहीतर चूकच पाठ होईल." दिवसातून दोन वेळा वीस-वीस मिनिटं, एकदम दोन तास बसायचं नाही, बोटं सुजली तर थांबायचं. नातवाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो मोबाइलवर बघून पहिल्याच आठवड्यात अख्खं गाणं वाजवायला गेला होता.

घरी पहिल्यांदा अ‍ॅम्प लावला तेव्हा 'घूंऽऽ' असा आवाज. तारांना हात लावला की कमी व्हायचा, काढला की वाढायचा. आणि पाय ओला असला की बोटाला झिणझिण्या यायच्या. मी गमतीने मास्तरांना सांगितलं, "तुमचं वाद्य चावतं." ते हसले नाहीत. त्याच रात्री दुचाकीवरून घरी आले, पहिलं बटण बंद केलं. गिटारच्या तारा आतून वायरने अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, आणि घराचं अर्थिंग मेलेलं असलं तर अ‍ॅम्पमधला बिघाड थेट वाजवणाऱ्याच्या बोटात येतो. "आधी अर्थिंग, मग गिटार." हे काम माझ्या हातचं होतं. विहिरीवरच्या मोटारीसाठी मी पूर्वी केलेलं. खड्डा खणला, पाइप उभा केला, मीठ आणि कोळशाचे थर भरले, पाणी ओतलं, वायरमनला बोलावून तपासून घेतलं. अ‍ॅम्पची पिनही बदलली. झिणझिण्या गेल्या. घूं थोडी राहिली. ट्यूब बंद केली की तीही कमी होते.

पिकअप म्हणजे काय हे त्यांनी मला त्याच रात्री सांगितलं. लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज तयार होते आणि अ‍ॅम्प ती मोठी करून ऐकवतो. मला लगेच कळलं. मोटार जळली की रिवाइंडिंगवाल्याकडे बसून ते वेढे भरताना मी आयुष्यभर बघत आलो. तिथं वीज दिली की लोखंड फिरतं, इथं लोखंड हललं की वीज येते. ही युक्ती वापरून केलेली गिटार अमेरिकेत १९३२ पासून विकायला लागली, म्हणजे माझ्या वडिलांच्या लहानपणी. आमच्या गावात तेव्हा रॉकेलचे दिवे.

पण या पिकअपमुळे एक नवीनच भानगड. साधी लाकडी गिटार चुका पोटात घालते. इलेक्ट्रिक काही लपवत नाही. एक तार वाजवताना बाकीच्या पाच नुसत्या बोट घासलं तरी बोलतात, आणि अ‍ॅम्प मोठा केला की कुणाचं काय चाललंय कळत नाही. मास्तर म्हणाले, "आबा, आता वाजवायचं सोडा, गप्प करायला शिका." उजव्या तळहाताची कड जाड तारांवर टेकलेली, डाव्या पहिल्या बोटाचं पोट बारीक तारांना नुसतं शिवलेलं, आणि मधे जी एक तार मोकळी राहिली तीच वाजली पाहिजे. यात माझे चार महिने गेले. पण खरं सांगतो, सगळ्या शिक्षणात हेच मला मनापासून आवडलं. आवणीच्या वेळी एका खाचरातून दुसऱ्यात पाणी सोडताना असंच असतं. पाणी सोडायला एक फावडं मारलं की झालं. ते इकडंतिकडं फुटू न देण्यासाठी दिवसभर बांधावरून फिरावं लागतं.

याच दिवसांत एका संध्याकाळी मी कामावरून, म्हणजे उरलेल्या बारा गुंठ्यांतून, दमून शिकवणीला गेलो होतो. हात जड. टिक-टिक साठावर. अंगठा पुन्हा रुतलेला. मास्तर त्या दिवशी स्वतःही दमलेले असावेत; नेहमीचं वाक्य न बोलता त्यांनी मागून येऊन माझ्या मनगटाखाली दोन बोटं नुसती लावली आणि म्हणाले, "दाबताय कशाला? हाताच्या वजनाने जाऊ द्या. तुम्ही फक्त धरा."

मी थांबलो. टिक-टिक चालू राहिली.

चौदा-पंधरा वर्षांचा होतो, वडिलांनी पहिल्यांदा नांगर हातात दिला. मला वाटलं, जोर लावला की चांगलं नांगरलं जातं. मी रुमण्यावर सगळं अंग टाकलं, फाळ खोल रुतला, बैल अडले. वडील मागून आले. रुमण्यावर माझ्या मुठीशेजारी त्यांनी दोन बोटं लावली. "दाबतोस कशाला? नांगर आपल्या वजनानं जातो. तू निस्ता धर." मग शेताच्या त्या टोकापर्यंत ती दोन बोटं तशीच, आणि ते बाजूने चालत. शिवी नाही, घाई नाही. चुकलं की बैल उभे करायचे, परत मागं यायचं, तेवढाच तास पुन्हा. चार दिवस त्यांनी माझ्याबरोबर असं काढलं. घरात शब्द मोजून बोलणारा माणूस, पण नांगरामागं त्या चार दिवसांत मला त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं पुढं कधी सांगितलं नाही.

आणि हे माझ्या डोक्यात इतकी वर्षं कुठंच नव्हतं. डोक्यात होती ती ट्रंक.

मास्तरांनी विचारलं, "काय झालं आबा, हात दुखतोय का?" मी त्यांना बैलाचं सांगितलं. सगळं सांगितलं, साडेतीनशे, दोनशे ऐंशी, पांढरा ठिपका. ते ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "समजा, तेव्हा गिटार मिळाली असती. शिकवायला कोण होतं?" मी आठवून बघितलं. गावात कुणी नव्हतं. कॅम्पात कुणी असेल तर मला ठाऊक नव्हतं. अर्थिंगचं तर नावच नको, घरात वीजच नव्हती. अ‍ॅम्पचा मी तेव्हा विचारही केला नव्हता. आता हे ऐकून राग जायला पाहिजे होता. तसं काही लगेच झालं नाही. विचारायला पाहिजे होतं त्यांनी, हे मला आजही वाटतं.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "मोऱ्या आठवतो का गं?" ती म्हणाली, "न आठवायला काय झालं? मी लग्न होऊन आले तेव्हा तोच एक बैल मला मारत नव्हता."

आता वर्ष होऊन गेलं. साठावरून मी नव्वदवर आलोय. दर रविवारी मास्तर मोबाइलवर माझं वाजवणं रेकॉर्ड करायला लावतात, आणि वाजवताना जे चांगलं वाटतं ते ऐकताना तसं नसतं. सध्या तार ओढायचं चाललंय. तिसरी तार, सातवा फ्रेट. सूर छेडून तार वर ढकलायची ती नवव्या फ्रेटच्या सुरापर्यंत, सतारीवर मींड घेतात तशी. आधी नववा फ्रेट वाजवून तो सूर कानात ठेवायचा, मग सातव्यावरून तिथं जायचं. एका बोटाचं काम नाही, मागची दोन बोटं आधाराला लागतात, आणि इथं मात्र अंगठा दांडीवरून वर यावा लागतो. "इथं धरा घट्ट," मास्तर म्हणाले, तेव्हा मला हसू आलं. वर्षभर सैल सैल म्हणून आता घट्ट. अजून माझा सूर नवव्याच्या थोडा खालीच राहतो. "बेसूर नाही, अर्ध्या रस्त्यात आहे," असं ते म्हणतात.

पावसाळ्यात आमच्याकडच्या दमट हवेने तारा गंजल्या. वाजवून झालं की पुसायच्या असतात, ते मी केलं नव्हतं. नव्या आणायला गेल्या महिन्यात उल्हासनगरला उतरलो. ते जुनं दुकान आता नाही, तिथं जीन्स विकतात. दोन गल्ल्या सोडून एक वाद्यांचं दुकान सापडलं. भिंतभर गिटारी टांगलेल्या. गल्ल्यावर एक तरुण सिंधी मुलगा. "पोते के लिए, बाबा?"

मागच्या वेळी नखी घ्यायला आलो होतो तेव्हा मी हो म्हणालो होतो. या वेळी म्हटलं, "नाही, मला. नऊचा सेट द्या. दहाचा नको, तार ओढायला जड जातो."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मागची एक गिटार काढून माझ्या हातात दिली, वायर लावली आणि तारांचं पाकीट शोधायला आत गेला. मी स्टुलावर बसलो. पाचवा, सहावा, सातवा, आठवा. जाड तारेपासून बारीकपर्यंत, साठाच्या चालीने, आणि परत. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती ढोलकीचा भाव करत राहिली. पाकीट मिळालं. मी खिशातला रुमाल काढून तारा पुसल्या आणि गिटार होती त्या खिळ्याला टांगली.